ब्रिटनचा वारसा कर: अधिवास की वास्तव्याची वर्षे?

मृत्यू ५ एप्रिल २०२५ पर्यंतचा असेल तर परदेशातल्या मालमत्तेवर कर लागतो का हे ठरवायला मृताचा कायदेशीर अधिवास (डोमिसाइल, म्हणजे कायद्याने कायमचे घर मानलेला देश) पाहतात. तो बहुधा वडिलांकडून जन्मतः मिळालेला. बदलला म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे: कायमचे राहण्याचा इरादा, घर, इच्छापत्र, पत्रव्यवहार. नुसता पासपोर्ट पुरत नाही, आणि ज्याच्या मनातले शोधायचे तोच हयात नसतो. वाद तिथेच रेंगाळतात.

६ एप्रिल २०२५ पासून सरळ मोजणी: मृत्यूच्या करवर्षाआधीच्या २० करवर्षांत किमान १० वर्षे रहिवासी असल्यास परदेशातली मालमत्ताही करपात्र. देश सोडल्यावरही हा दर्जा ३ ते १० वर्षे टिकू शकतो. चूक होते ती जानेवारी-डिसेंबर धरल्याने. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. ब्रिटनमधले घर मात्र दोन्ही नियमांत करकक्षेतच.