इंडिया मार्क २ हापसा: वरून भक्कम, खालून किचकट

तीन पायांच्या स्टँडवर बसवलेला हा लोखंडी हापसा महाराष्ट्राला नवा नाही. त्याचं मूळच जालना आणि सोलापूरला, ख्रिस्ती मिशनच्या बोअर-कामातून निघालेल्या पंपांत आहे. आधीचे बिडाचे पंप घरगुती वापराचे होते. अख्खं गाव त्यावर पाणी भरू लागलं की मोडायचे. म्हणून १९७०च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून हे मॉडेल घडवलं. पेटंट कुणीच ठेवलं नाही, त्यामुळे ते आफ्रिकेतही पसरलं. युगांडात त्याला यू-२ म्हणतात.

वरच्या भागाला पैकीच्या पैकी गुण. दांडा भरीव चौकोनी लोखंडाचा, दोन बंद बेअरिंगवर फिरणारा, ८:१ तरफेचा. साखळीमुळे रॉड सरळ रेषेत वर-खाली होतो, बाजूला घासत नाही. साखळीला ग्रीस आणि नट-बोल्ट आवळणं एवढी देखभाल पुरते. तेवढीही झाली नाही की साखळी गंजून आखडते.

पाणी किती? बोअरमध्ये पाइपाच्या टोकाला बसवलेल्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मि.मी., स्ट्रोक (त्यातला पिस्टन एका दाबात जेवढा सरकतो ते अंतर) १२५ मि.मी. म्हणजे एका दाबात जेमतेम ४०० मि.लि. मिनिटाला ४० पूर्ण दाबांत १५ लिटर आलंच पाहिजे. दाबायला किती जड जाईल, तेही मोजता येतं. ३० मीटर खोलीवर पाणी आणि रॉड मिळून सव्वाशे किलोच्या आसपास भार, दांड्याच्या टोकाला त्याचा आठवा हिस्सा. ४५ मीटरच्या पुढे म्हातारी माणसं आणि मुलं टेकीला येतात.

उलट, बोअर उथळ असेल तर रॉडचं वजन कमी पडतं, पिस्टन आपोआप खाली जात नाही आणि साखळी वळते. तिथे साखळीऐवजी भरीव दुवा असलेला प्रकारच मागावा.

खरी अडचण जमिनीखाली आहे. पाइप ३२ मि.मी.चा आणि पिस्टन त्याच्या दुप्पट जाड, म्हणजे पिस्टन पाइपातून वर येऊच शकत नाही. पिस्टनचा एक वायसर (वॉशर) झिजला तरी सगळे पाइप, रॉड आणि सिलिंडर उपसावे लागतात. ३० मीटरला नुसते जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइपच नव्वद-पंचाण्णव किलो भरतात. क्लॅम्प, लिफ्टर, रॉडचा व्हाइस आणि चार-पाच माणसं नसतील तर हात लावू नये. पाइप निसटला तर बोअरच वाया जातो. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वायसर घातले की ही वेळ बरीच लांबते. फरक किरकोळ पैशांचा, तरी ठेकेदार इथेच काटकसर करतात.

उपसण्याआधी एक तपासणी करावी. पाणी येईपर्यंत हापसा, अर्धा तास थांबा, पुन्हा हापसा. पाचपेक्षा जास्त दाब लागले तर तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतोय. पाणी लगेच येतं पण धार बारीक असेल तर पिस्टनचे वायसर गेले. बसवताना नेहमीची चूक वरच्या रॉडची. पिस्टन अगदी तळाला टेकवून, हापशाच्या टाकीच्या वरच्या फ्लँजच्या (कडेच्या चकतीच्या) पातळीवर खूण करून रॉड कापायचा असतो. अंदाजाने कापला की पिस्टन ठोकर खातो किंवा स्ट्रोक तोकडा पडतो.

आम्लधर्मी पाण्यात, म्हणजे पीएच ६.५च्या खाली, जीआय पाइप घालूच नयेत. ते गंजतात, पाणी तांबूस येतं, लोक हापसा सोडून देतात. युगांडाने २०१६ मध्ये नव्या हापशांत जीआय वापरणं थांबवलं ते याचमुळे. अशा पाण्यात स्टेनलेस स्टील घ्यावं.

याच हापशाच्या पुढच्या मॉडेलमध्ये, मार्क ३ मध्ये, पाइप ६५ मि.मी.चा, त्यामुळे पाइप न काढता पिस्टन वर खेचता येतो; गावातली दोन माणसंही वायसर बदलू शकतात. पण पाइपांचं वजन दुप्पट आणि खर्चही बराच जास्त. ३० मीटरपर्यंत आणि तालुक्याचं दुरुस्ती पथक महिनोन्‌महिने फिरकत नसेल तर आमची पसंती मार्क ३ला. त्याहून खोल बोअरला मार्क २च बरा. कोणताही घ्या, आयएस १५५०० या भारतीय मानकाचा शिक्का पाहा, आणि ओटा टाकल्यावर सात दिवस पाणी मारून होईपर्यंत दांड्याला कुणाला हात लावू देऊ नका. स्टँड एकदा हलला की पुन्हा घट्ट बसत नाही.