"आधी पडताळा, मग पैसे द्या" म्हणणाऱ्यांपासून सावध!!

शेअर टिप्सवाल्यांच्या जाळ्यात फक्त भोळी माणसं सापडतात असं वाटत असेल तर हे वाचा. माझा मावसभाऊ बुवाबाजी, पत्रिका, अंगठ्या काही म्हणजे काही मानत नाही, ऊठसूट पुरावा दाखव म्हणणारा, आणि त्याला नेमकं पुरावा दाखवूनच गंडवलंय.

अनोळखी नंबरवरून मेसेज आला की अमुक शेअर या आठवड्यात वर जाणार, पैसे नकोत, नुसतं बघा. गेला वर. मग दुसरा खाली येणार म्हणे, आला खाली. लागोपाठ सहा वेळा बरोबर! मग काय, फी भरली, त्यांच्याच ॲपमध्ये मोठी रक्कम टाकली, स्क्रीनवर नफा वाढताना दिसायचा पण काढायला गेलं की आधी टॅक्स भरा.

भांडं फुटलं ते त्याच्या ऑफिसातल्या एकामुळे. दोघांचे फोन शेजारी ठेवून बघितलं तर तीच तारीख, तीच वेळ, तोच मजकूर, खाली हात जोडलेला इमोजीसुद्धा तोच, फक्त याच्यात 'वर' आणि त्याच्यात 'खाली'. गणित साधं आहे, समजा ६४०० जणांना मेसेज पाठवले, अर्ध्यांना वर, अर्ध्यांना खाली, ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्यांत पुन्हा तेच, सहा फेऱ्यांनंतर १०० जण असे उरतात ज्यांना हा माणूस कधीच चुकलेला दिसत नाही.

फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने १६२० साली एक किस्सा लिहून ठेवलाय. देवळात नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रं लावलेली, ती दाखवून एकाला विचारलं, आता तरी देवाची शक्ती मानतोस ना? तो म्हणाला, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठायत?

भाऊ अजून म्हणतो, "अगं ताई, सहाच्या सहा बरोबर आले होते, ते खोटं कसं?" खोटं नव्हतंच रे बाबा, बाकीचे ६३०० तुला दिसले नाहीत एवढंच! वर म्हणे त्या ऑफिसवाल्याला चुकून उलटा मेसेज गेला असेल. पुरावा मागणारा गडी आता निव्वळ श्रद्धेवर आलाय, तो 'टॅक्स' पण भरणार होता, वहिनीने फोन काढून घेतला म्हणून वाचला.

असा मेसेज आला तर ओळखीच्यांना विचारा, कोणाला उलटा आलाय का. आणि पैसे अडकले असतील तर सोडवण्यासाठी आणखी भरू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार करताना लागतात.