आर्पेस की एसटीएम? क्वांटम मटेरियल्सचा डेटा हाती घेण्याआधी

राणी चन्नम्मा विद्यापीठात, धारवाडला नाहीतर कोल्हापूरला एम.एस्सी. फिजिक्स करताय आणि प्रोजेक्टला क्वांटम मटेरियल्स (ज्यांचे गुण इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम वागण्यातून येतात असे पदार्थ) घ्यायचंय? ते मोजणारी आर्पेस आणि एसटीएम ही मशिनं आपल्या बेळगाव-निपाणीच्या कॉलेजांत मिळायची नाहीत, पण मोजलेला डेटा झेनोडोसारख्या खुल्या भांडारांतून लॅपटॉपवर उतरवता येतो. प्रश्न उरतो, दोन्हींपैकी कुठला घ्यायचा.

आर्पेसमध्ये (ARPES, कोनानुसार फोटोइलेक्ट्रॉन मोजायची पद्धत) स्फटिकावर प्रकाश टाकून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजतात. मुळाशी आइनस्टाइनने 1905 मध्ये उलगडलेला फोटोइलेक्ट्रिक परिणामच. कोनावरून पृष्ठभागाला समांतर संवेग निघतो, म्हणजे पुस्तकातला ऊर्जा-संवेग आलेख थेट चित्र म्हणून समोर येतो. ठरावीक ऊर्जेला आडवा छेद घेऊन लोरेंझियन (एका शिखराचा ठरावीक वक्र) बसवला, तर शिखराच्या जागेवरून बँड (इलेक्ट्रॉनला मोकळ्या ऊर्जा-संवेगांची रेघ) कळतो आणि रुंदीवरून इलेक्ट्रॉन किती लवकर विखुरतो ते. क्युप्रेट (तांबे-ऑक्साइडच्या) अतिवाहकांत फर्मी पातळीखाली (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांच्या वरच्या सीमेखाली) 50 ते 80 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर बँडला जो बाक येतो, तो असाच सापडला. तो कशामुळे, फोनॉनमुळे (स्फटिकातल्या अणूंच्या कंपांमुळे) की चुंबकीय चढउतारांमुळे, यावर भरपूर भांडणं झाली.

एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप; 1981, बिनिग आणि रोरर, 1986 चं नोबेल) सुईच्या टोकाशी टनेलिंग करंट, म्हणजे सुई आणि स्फटिकामधली फट ओलांडणारा करंट, मोजतं. करंटचं व्होल्टेजसापेक्ष डेरिव्हेटिव्ह म्हणजे ढोबळमानाने त्या जागची अवस्था-घनता, म्हणजे त्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनसाठी किती अवस्था आहेत ते. आर्पेस सगळ्या शिवाराचा एकत्र उतारा सांगतं, एसटीएम एकेक लोंबी तपासतं. बिस्मथ क्युप्रेटमध्ये अतिवाहक गॅप (अतिवाहकात अवस्था नसलेला ऊर्जेचा पट्टा) काही नॅनोमीटरवर बदलते हे एसटीएमनेच दाखवलं. आर्पेसच्या प्रकाशठिपक्यात ते सगळं सरासरीत बुडून जातं. शिवाय एसटीएमला फर्मी पातळीच्या वरच्या रिकाम्या अवस्थाही दिसतात आणि चुंबकीय क्षेत्र चालतं. साध्या आर्पेसला या दोन्ही गोष्टी जवळपास बंद.

संवेग मात्र एसटीएमकडून आडवळणाने मिळतो. दोषांवर आपटून उठलेल्या लहरींच्या नकाशाचं फूरिये रूपांतर करावं लागतं, आणि त्यातून दोन संवेगांमधला फरक हाती येतो, मूळ संवेग नव्हे. नवख्याची दमछाक होते ती इथेच.

फसवायला दोघंही तयार. आर्पेसमध्ये प्रकाशाचं ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) बदललं की असलेला बँडही चित्रातून गायब होऊ शकतो. दिसला नाही म्हणून नाहीच, असं लिहून मोकळं होऊ नका. एसटीएममध्ये सुईच्या स्वतःच्या अवस्था डेटात मिसळतात, आणि 4.2 केल्व्हिनलाही तापमानामुळे सुमारे 1.3 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा धूसरपणा राहतोच.

एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट असेल तर माझं मत आर्पेसच्या बाजूने. पायथॉनमध्ये कर्व्ह फिटिंग येत असलं तरी सुरुवात होते. पुढे पीएच.डी. करायची झाली तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर फोटोइलेक्ट्रॉन मोजणीची सोय देशातच आहे. मटेरियल जागोजागी वेगळं वागतंय अशी शंका असेल किंवा चुंबकीय क्षेत्रात अतिवाहकात उठणारे भोवरे बघायचे असतील, तर एसटीएमच. मग फूरियेचा अभ्यास आधी पक्का करा. दोन्ही पद्धती पृष्ठभागापुरत्याच, त्यामुळे स्फटिक स्वच्छ पापुद्र्यांत सुटत नसेल तर दोन्हींचा नाद सोडून ऑप्टिकल परावर्तनाचा डेटा बघा.