हिरवी टिक की काळी खिडकी: कोडचा सराव कुठे करावा?

फ्रीकोडकॅम्प की ओडिन प्रोजेक्ट? वेबसाइट बनवायला शिकवणारे हे दोन ऑनलाइन अभ्यासक्रम. दोन्ही फुकट, दोन्ही इंग्रजीत, दोन्हीकडे व्याख्यानं कमी आणि हाताला काम जास्त. रत्नागिरीत किंवा कुडाळात राहून वेब डेव्हलपमेंट शिकायचं ठरवलं की ही दोन नावं कानावर येतातच, म्हणून जास्त ओळख करून देत बसत नाही. खरा फरक एकच: कोड लिहायचा कुठे? पहिल्यात धडे ब्राउझरच्या चौकटीतच सुटतात. दुसऱ्यात अगदी सुरुवातीपासून स्वतःचं मशीन, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) आणि गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन).

सुरुवातीच्या सोयीत फ्रीकोडकॅम्प पुढे आहे, हे मान्य. खातं उघडल्यावर दहा मिनिटांत पहिली ओळ लिहून होते. ओडिनमध्ये नुसत्या इन्स्टॉलेशनलाच एक-दोन दिवस जातात, कारण थेट विंडोजवर काम त्यांना चालत नाही. लिनक्स, मॅक किंवा विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लागतं. ८ जीबी रॅमवर डब्ल्यूएसएल सुखाने चालतं. ४ जीबीवाल्याने व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवण्याच्या) नादी लागू नये, सरळ झुबुंटू या हलक्या लिनक्सचं ड्युअल बूट करावं, म्हणजे विंडोजशेजारी ते बसवावं (आधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप). आणि डब्ल्यूएसएल वापरताना प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर एनपीएम (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस उतरवणारं साधन) रखडतं, आणि फाइल सेव्ह केली तरी पान आपोआप ताजं होत नाही. मग नवशिका तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

एवढा त्रास असूनही माझा कल ओडिनकडे आहे, आणि त्याचं कारण फ्रीकोडकॅम्पमध्ये उत्तर बरोबर आलं की उमटणारी ती हिरवी टिक. फ्रीकोडकॅम्पच्या ‘सर्व्हे फॉर्म’ या प्रकल्पात मथळ्याचा आयडी (कोडमधलं ओळखीचं नाव) काय हवा, फॉर्मचा काय हवा, हे आधीच ठरलेलं असतं. तपासणी तेवढंच बघते. हळूहळू माणूस फॉर्मसाठी नाही, टिकसाठी कोड लिहायला लागतो. पुढे स्वतःच्या लॅपटॉपवर ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ अशी एरर दिसली की हात थांबतात, कारण तिथे टिक देणारं कुणी नसतं. ओडिनचे प्रकल्प, मग तो कॅल्क्युलेटर असो वा १६ बाय १६ चौकटींचा एच-अ-स्केच (माउसने चित्र काढायची पाटी), असे आपोआप तपासले जात नाहीत. चाललं की नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

हे पटत नसेल तर किनाऱ्यावरचाच एक प्रकल्प करून बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा ठोकताळा आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले ०.७५, म्हणजे तीन वाजता. दहा ओळींचं काम वाटतं. पण तृतीयेला उत्तर येतं २.२५, आणि पहिल्या खेपेला बहुतेकजण ‘२ वाजून २५ मिनिटं’ छापतात. हवं २:१५, कारण दशांश भागाला ६० ने गुणायचं असतं. प्रतिपदेला ०:४५ छापून येतं, तिथे १२:४५ हवं. कृष्ण पक्षातली तृतीया कुणी १८ (१५ अधिक ३) म्हणून भरली तर १५ वजा केल्याशिवाय उत्तर चुकतं: २:१५ च्या जागी साडेतेरा! या तीन चुका कुठलीही तयार तपासणी दाखवणार नाही. रापणीवरचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा) माणूस मात्र स्क्रीन बघताच दाखवेल. (ठोकताळाच तो, होडी काढायची तर छापील कोष्टक बघा.)

दुसरी गोष्ट पावसाची. जून लागला की लाइट जाते, पाठोपाठ रेंज. ब्राउझरमधल्या धड्याचं पान उघडं असलं तर ठीक, पण पुढची पायरी उघडायला नेट हवंच. गिटचं कमिट, म्हणजे बदलाची नोंद, मशीनवरच होतं, त्याला नेट लागत नाही. दिवसभर कमिट करा आणि संध्याकाळी घाटीवर रेंज मिळाली की एकदाच पुश, म्हणजे सगळं गिटहब या ऑनलाइन कोठारात चढवा. मजकूर काही केबीचाच असतो, अट एवढीच की ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर (एनपीएमने उतरवलेल्या पॅकेजेसचं) पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्या यादीत) टाकलेलं असावं. एकदा ते आत गेलं की नंतर डिलीट केलं तरी इतिहासात राहतं, पुश रखडतो, आणि १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही. पुश करताना पासवर्ड चालत नाही म्हणून घाबरू नका: ऑगस्ट २०२१ पासून ते बंदच आहे, एसएसएच की किंवा टोकन (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) लागतं. जुने व्हिडिओ अजून पासवर्डच दाखवतात.

भाषा आणि साधनांच्या संदर्भपुस्तिकांसाठी डेव्हडॉक्स ही साइट आधी ऑफलाइन उतरवून ठेवा. ते चालवतं मात्र फ्रीकोडकॅम्पच, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

कीबोर्डवर बोटं अजून अडखळत असतील किंवा लॅपटॉप यायला महिनाभर असेल, तर तोवर फ्रीकोडकॅम्पचं एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचा सांगाडा आणि सजावट) जरूर करा. ते फुकट जात नाही. फक्त जावास्क्रिप्टला हात घालायच्या आधी ओडिनकडे वळा. विंडोजवर पहिली आज्ञा ‘डब्ल्यूएसएल इन्स्टॉल’ची, पॉवरशेल (विंडोजची आज्ञांची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडून. तिथेच एरर आली तर आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा.