टॉपचा गेमिंग लॅपटॉप की डेस्कटॉप? सोलापुरात दोन्ही वापरून झाल्यावर

भाच्यानं परवा विचारलं, "मामा, पैसे जमलेत. टॉपचा गेमिंग लॅपटॉप घेऊ, की डेस्कटॉप बांधू?" तो जुळे सोलापुरात राहतो, कॉलेजही इथलंच. मी दोन्ही वापरलेत. २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्डचा (गेमचं चित्र काढणारा भाग) लॅपटॉप घेतला, त्यावर दोन उन्हाळे काढले. मग २०२४ च्या दिवाळीत ४०७० चा डेस्कटॉप बांधला. दिवसा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, रात्री गेम. रक्कम मोठी असते, म्हणून त्याला सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचा घोळ. लॅपटॉपमधलं ४०८० आणि डेस्कटॉपमधलं ४०८० हे एकच कार्ड नाही. लॅपटॉपच्या ४०८० मध्ये एडी१०४ चिप आणि १२ जीबी मेमरी असते. तीच चिप (काही भाग बंद केलेली) आणि तेवढीच मेमरी डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये. डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप मोठी, मेमरी १६ जीबी, आणि वीज ३२० वॅटपर्यंत. लॅपटॉपमधल्याला फार तर १७५ मिळते. पुढच्या मालिकेतही तीच गत: लॅपटॉपच्या ५०९० ला २४ जीबी, डेस्कटॉपच्या ५०९० ला ३२. त्यामुळे बरोबरी करताना डेस्कटॉपचं कार्ड एक पायरी खालचं धरलं तरी चालतं. माझ्या दोन मशीनमध्ये थंडीच्या दिवसांत खेळताना मला तरी फरक जाणवला नाही, आणि पैसे मात्र बरेच वाचले.

लॅपटॉपनं जे दिलं ते मी विसरलेलो नाही. बार्शीला एका लग्नात सकाळच्या हळदीचा व्हिडिओ मी दुपारी मंगल कार्यालयाच्या खोलीत बसून एडिट केला आणि संध्याकाळी रिसेप्शनला पडद्यावर लावला. नवरीच्या आजीला सकाळी गर्दीत काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे घेऊन तो दोनदा पाहिला. डेस्कटॉपवर हे होणं नाही.

लाइट गेली तरी लॅपटॉप चालूच राहतो, ही दुसरी मोठी सोय. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच, आणि तोही विचार करून घ्या. घरच्या स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर माझा डेस्कटॉप गेम चालू असताना लाइट गेली की रीस्टार्ट व्हायचा. प्युअर साइन वेव्हचा (लाइटीसारखी सलग वीज देणारा) यूपीएस घेतल्यावर ते थांबलं. हा खर्च हिशेबात आधीच धरा.

बॅटरीवर गेम खेळायचं मात्र मनातून काढून टाका. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी सहज नेता येते, म्हणून मोठमोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९.९ वर थांबते. शिवाय चार्जर काढला की कार्ड मंदावतं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना खेळून पाहिलं, कुर्डुवाडी यायच्या आत बॅटरी संपत आली.

आता माझा निर्णय कशानं झाला ते. आमचं घर अशोक चौकापलीकडे. गल्लीत यंत्रमाग आहेत, खटखट दिवसभर चालू. कापसाची बारीक लव हवेत उडते, खिडकीच्या जाळीवर बसते, पंख्याच्या पात्यांवर बसते, देवघरातल्या फोटोंवर बसते. लॅपटॉप तीच हवा तळातून ओढतो. पहिल्याच मे महिन्यात पंखे असे घोंघावायला लागले की शेजारच्या खोलीत झोपलेली आई उठून आली. प्रोसेसर ९५ अंशांच्या खाली येईना, गेम अडखळू लागला. तळाचे स्क्रू काढून झाकण उचकटलं, तर पंखा वरून स्वच्छ! लव साचली होती ती पंखा आणि त्याच्यापुढच्या पातळ धातूच्या पट्ट्या यांच्या मधल्या फटीत. चिमट्यानं धरून ओढली तर करंगळीएवढी राखाडी पट्टी अख्खी निघाली, टॉवेलच्या काठासारखी घट्ट. आवाज लगेच उतरला. दहा आठवड्यांनी पुन्हा तशीच पट्टी.

दोन्ही उन्हाळे हेच चाललं. दर वेळी झाकण उघडताना जीव मुठीत. एक क्लिप तुटली, एका स्क्रूचं डोकं झिजलं. काही महागड्या लॅपटॉपमध्ये चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असतं, तिथं तर हीटसिंकला, म्हणजे चिपवर बसवलेल्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाला, हातच लावू नये. दुकानात द्यायचं म्हटलं तर मशीन दोन दिवस अडकतं, आणि लग्नसराईत दोन दिवस परवडत नाहीत.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटची पुढची जाळी ओढली की हातात येते. रविवारी नळाखाली धरतो, सावलीत वाळवतो, परत बसवतो. महिन्या-दोन महिन्यांनी आत ब्लोअर मारतो, तेव्हा पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, ते गरगर फिरू द्यायचं नाही. बस्स.

लव नसली तरी ऊन आहेच. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३ च्या वर जातो. खोली १० अंशांनी तापली की मशीनच्या आतलं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. थंडीत ८५ वर चालणाऱ्या लॅपटॉपला मेमध्ये वर जायला जागाच उरत नाही. डेस्कटॉपचं कार्ड त्याच खोलीत माझ्याकडे सत्तरीत राहिलं. खोली मात्र डेस्कटॉपही तापवतो, हे खरं.

हॉस्टेलला जाणार असाल किंवा कामासाठी गावोगाव हिंडत असाल, तर लॅपटॉपच घ्या, माझं काही म्हणणं नाही. माझा तो लॅपटॉप आता धाकटा भाऊ पुण्यात वापरतो. वर्षभरात त्याला एकदाच उघडावा लागला. मी लग्नांना जुना साधा लॅपटॉप नेतो, त्यावर कच्चं काम होतं, बाकीचं घरी.

भाच्याकडे जुळे सोलापुरात माग नाहीत, पण धूळ आणि ऊन तेच. त्याला म्हटलं, एक रविवार घरी येऊन बस. आला, दोन तास खेळला, मग जाळी काढून स्वतःच नळाखाली धरली. पाण्याबरोबर राखाडी लव वाहून गेली. जाळी झटकत म्हणाला, "मामा, हे कॅबिनेट कुठलं घेतलंस?"