यूके फायनान्सचं मॉर्गेज लेंडर्स हँडबुक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंड-वेल्समध्ये कर्ज काढून घर घेणारा प्रत्येकजण सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम पाहणारा वकील) आपला आहे असं धरून चालतो. तो आपला असतोच, पण त्याच फाइलवर तो कर्ज देणाऱ्या बँकेचाही असतो. बँकेने त्याला काय तपासायला सांगितलं आहे, कशावर सही करायला सांगितलं आहे आणि काय दिसलं तर थांबायला सांगितलं आहे, हे सगळं यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या या हँडबुकात आहे. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं, तरी बहुतेक खरेदीदार ते कधी उघडत नाहीत. आठ महिने फाइलगणिक ते उघडल्यावर मत असं झालं आहे: सॉलिसिटरसाठी हे रोजचं हत्यार आहे, आणि खरेदीदाराने पहिल्याच आठवड्यात त्यातली चार पानं वाचली तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

रचना सोपी आहे. भाग १ सगळ्या सभासद बँकांना सारखा. भाग २ मध्ये त्याच कलमांच्या क्रमाने प्रत्येक बँकेची स्वतःची उत्तरं. म्हणून भाग १ वाचून थांबू नका. 'आमची किमान मुदत भाग २ मध्ये पाहा' असं वाक्य आलं की आपल्या बँकेचं नाव निवडून तेच कलम उघडायचं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची हँडबुकं वेगळी आहेत. काही बिल्डिंग सोसायट्या त्यांच्या संघटनेच्या वेगळ्या सूचना वापरतात, त्यामुळे आपली संस्था कुठल्या यादीत आहे ते आधी पाहावं.

त्याहीआधी एक प्रश्न: तुमचा सॉलिसिटर त्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, आहे का? नसेल तर बँक स्वतःचा वेगळा वकील नेमते, त्याची फी तुमच्या माथी येते आणि प्रत्येक कागद दोन टेबलांवरून फिरतो. ब्रोकरने ऐनवेळी बँक बदलली तर हा प्रश्न पुन्हा विचारायचा.

सॉलिसिटर एवढे काटेकोर का वागतात, याचं कारण कोर्टाच्या निकालांत आहे. १९९६ च्या बोवरमन खटल्यात ठरलं की मालमत्तेच्या किमतीवर शंका येईल अशी माहिती सॉलिसिटरच्या हाती लागली तर ती बँकेला सांगणं त्याचं कर्तव्य आहे. २०१४ मध्ये रेडलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाहिलं की जुनं कर्ज पूर्ण फेडून न घेता बँकेचे पैसे सोडले गेले होते, आणि त्या नुकसानीची भरपाई सॉलिसिटरवर आली. म्हणजे 'एवढं चालून जाईल' म्हणणाऱ्या सॉलिसिटरच्या स्वतःच्या विम्यावर ते येतं. तुम्ही सांगितलेली एखादी गोष्ट बँकेला कळवणं भाग असेल, तर तो आधी तुमची परवानगी मागतो. तुम्ही नकार दिलात तर त्याला बँकेचं काम सोडावं लागतं, आणि व्यवहार तिथेच अडतो.

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी अडचण डिपॉझिटची आहे. कर्ज वजा जाता खरेदीची उरलेली रक्कम कर्जदार स्वतःच्या पैशातून देत नसेल तर बँकेला कळवा, असं हँडबुक सांगतं. आई-वडिलांनी पुण्याहून किंवा नागपूरहून पैसे पाठवले की हे कलम लागू होतं. बँकेला देणगीपत्र हवं असतं: ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही. बऱ्याच बँकांचा स्वतःचा नमुना असतो. घरी टाईप केलेलं पत्र परत येतं. देणाऱ्याचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि पैसा कुठून आला याची साखळी लागते. एफडी मोडली असेल तर एफडीची पावती आणि ती रक्कम जमा झालेलं स्टेटमेंट. प्लॉट विकला असेल तर खरेदीखत, आणि ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर. पैसा काका, मावसभाऊ अशा तीन खात्यांतून फिरून आला असेल तर तिन्ही खात्यांचा खुलासा मागतात. म्हणून पैसा देणाऱ्याच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यावा.

भारताकडूनही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून भेटीसारख्या कारणांसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज हातात कमी पैसे असतात आणि डिपॉझिटचा आकडा चुकतो. आई आणि बाबा दोघांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या पैशातून पाठवलं तर मर्यादा दोन धरल्या जातात. देणगीपत्रंही मग दोन लागतात.

'भेट' म्हणून लिहून देऊन आतून उसने घेणं मात्र करू नये. ते कर्ज आहे, ते बँकेला सांगावंच लागतं. दुसरा मुद्दा देणाऱ्याच्या दिवाळखोरीचा. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी कायद्यानुसार दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांत फुकट दिलेल्या मालमत्तेला आव्हान देता येतं. म्हणून काही बँका देणाऱ्यावरचा शोध किंवा विमा मागतात. भारतात राहणाऱ्या माणसाचं नाव इंग्लंडच्या दिवाळखोरी नोंदीत शोधून फारसं काही हाती लागत नाही, म्हणून बहुधा विम्याचाच मार्ग उरतो. आई-वडील कायमचे त्याच घरात राहणार असतील तर आणखी एक कागद: कर्जदार नसलेल्या, १७ वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येक रहिवाशाने बँकेचा हक्क आपल्या हक्काआधी येतो असं लिहून द्यायचं, आणि त्याआधी त्यांना स्वतंत्र कायदेशीर सल्ला घ्यायला सांगितलं जातं.

नावांचंही तसंच. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, पगाराच्या पावतीवर नसतं, आणि लग्नाआधीचं आडनाव जुन्या खात्यावर तसंच राहिलेलं असतं. मॉर्गेज ऑफर, करार आणि हस्तांतरणाचा कागद यांवर एकच नाव हवं. ऑफर आल्या दिवशी स्पेलिंग तपासा; दुरुस्त ऑफर येईपर्यंत फाइल पुढे सरकत नाही. कम्प्लिशनआधी (पैसे देऊन घर ताब्यात येण्याच्या दिवसाआधी) प्रत्येक कर्जदाराच्या नावावर के१६ हा दिवाळखोरीचा शोध होतो. नाव-आडनाव सर्रास आढळणारं असलं तर दुसऱ्याचीच नोंद समोर येऊ शकते, आणि 'ही व्यक्ती आमचा कर्जदार नव्हे' असं सॉलिसिटरला स्वतःच्या जबाबदारीवर लिहावं लागतं.

फ्लॅट घेणाऱ्यांनी भाग २ मधलं लीझचं (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचं) कलम विक्रेत्याला किंमत सांगण्याआधीच वाचावं. काही बँका आज किती वर्षं उरली आहेत ते मोजतात, काही कर्ज संपल्यावर किती उरतील ते. लीझ ७२ वर्षं उरलेली आणि कर्ज ४० वर्षांचं असेल तर शेवटी ३२ उरतात. शेवटी ३० मागणाऱ्या बँकेत हा फ्लॅट बसतो, आज ८५ मागणाऱ्या बँकेत नाही. फ्लॅटमध्ये खोट नाही, बँक चुकीची निवडली गेली आहे. मुदत कमी पडत असेल तर विक्रेत्याने मुदतवाढीची नोटीस बजावून तिचा हक्क तुमच्या नावे करायचा, हा जुना उपाय अजून चालतो. ३१ जानेवारी २०२५ पासून मुदतवाढीसाठी दोन वर्षं मालकीची अट गेली आहे, त्यामुळे घर घेतल्यावर लगेच अर्ज करता येतो. पण कर्ज देणारी बँक 'नंतर करू' यावर थांबत नाही.

ग्राउंड रेंटचं, म्हणजे जमीनमालकाला द्यायच्या वार्षिक भाड्याचं, गणित स्वतः करून पाहा. २५० पौंड, दर दहा वर्षांनी दुप्पट: पन्नास वर्षांनी वर्षाला ८,००० पौंड. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीझवर ग्राउंड रेंट नाममात्रच ठेवता येतं, जुन्या लीझ मात्र तशाच चालू आहेत. वार्षिक भाडं किमतीच्या ०.१ टक्क्याच्या आत हवं, ही काही बँकांची अट. ३ लाखांच्या फ्लॅटला म्हणजे ३०० पौंड. त्यावर गेलं की लीझमध्ये दुरुस्तीचा करार लागतो, आणि तो फ्रीहोल्डरच्या (जमीनमालकाच्या) मर्जीवर आणि फीवर.

किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतीत आणखी एक गल्लत नेहमी होते. ईडब्ल्यूएस१ हा बाहेरच्या भिंतींच्या अग्निसुरक्षेचा फॉर्म मूल्यांकन करणाऱ्यासाठी असतो. सॉलिसिटरला लागतात २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याखालचे कागद: लीझधारकाचं प्रमाणपत्र आणि घरमालकाचं प्रमाणपत्र. पहिल्यासाठी १४ फेब्रुवारी २०२२ ला त्या फ्लॅटचा मालक कोण होता, तिथे राहत होता का, हे विचारलं जातं. विक्रेत्याने नंतर घेतलेलं असेल तर त्याच्याकडे ही माहिती नसते, म्हणून हे कागद पहिल्या पत्रातच मागावेत.

नव्या बांधकामाबद्दल थोडक्यात: बिल्डरने दिलेली प्रत्येक सूट, कार्पेट, कायदेशीर फी, स्टॅम्प ड्यूटी, सगळं डिस्क्लोजर फॉर्मवर यायला हवं. ऑफरमधल्या आकड्याशी ते जुळलं नाही तर बँक कर्जाची रक्कम पुन्हा ठरवते. बांधकामाच्या वॉरंटीचं कव्हर कम्प्लिशनआधी हातात हवं.

विक्रेत्याची मालकी सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर बँकेला कळवणं आहेच. वारसा निकाली काढणारे व्यवस्थापक किंवा जप्त घर विकणारी बँक असे अपवाद कलम ५.१.१ मध्येच दिलेत. स्थानिक सर्च (कौन्सिलच्या नोंदींचे शोध) कम्प्लिशनच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. एकाची विक्री दुसऱ्याच्या खरेदीवर अडलेली असते अशा लांब साखळीत ते पुन्हा काढावे लागतात, तेव्हा फार लवकरही काढू नयेत.

हँडबुक कमी कुठे पडतं? पहिलं, भाग २ ची उत्तरं मधेच बदलतात आणि खरेदीदाराला कुणी कळवत नाही; एक्स्चेंजआधी (करार बंधनकारक होण्याआधी) पुन्हा उघडून पाहावं लागतं. दुसरं, सॉलिसिटरने अडचण कळवल्यावर बँकेचं उत्तर यायला दिवस जातात, आणि कधी ते 'भाग २ पाहा' एवढंच असतं. जे भाग २ मध्ये नाही म्हणून विचारलं, त्यालाच हे उत्तर. यातून मार्ग एकच: अडचण, कलमाचा क्रमांक, किमतीवर परिणाम आणि सॉलिसिटरची शिफारस एकाच पत्रात द्यायची, म्हणजे बँकेला होय किंवा नाही एवढंच म्हणायचं उरतं. 'तुमचं मत काय' असं विचारणारी पत्रं सगळ्यात उशिरा सुटतात.

शेवटच्या आठवड्यात तारखा सांभाळा. सॉलिसिटर सर्टिफिकेट ऑफ टायटल (मालकी ठीक असल्याचा दाखला) पाठवतो तेव्हाच बँक पैसे सोडते, आणि त्यासाठी साधारण पाच कामाचे दिवस धरावेत. मॉर्गेज डीडवरची सही साक्षीदाराच्या प्रत्यक्ष समोर व्हायला हवी. लँड रजिस्ट्रीला व्हिडिओवरची साक्ष चालत नाही. त्या काळात भारतात जाणार असाल तर निघण्याआधी सही करून, तारीख न घालता, डीड सॉलिसिटरकडे ठेवा.

ओएस१ हा लँड रजिस्ट्रीतला शोध बँकेच्या नावाने काढला जातो, तरी त्याचं संरक्षण (मधे दुसऱ्याची नोंद पुढे न लागण्याचं) तुम्हालाही मिळतं: ३० कामाचे दिवस. त्या आत नोंदणीचा अर्ज लँड रजिस्ट्रीत जायला हवा. त्याआधी कराचं विवरणपत्र: इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्यूटीचं १४ दिवसांत, वेल्समध्ये लँड ट्रान्झॅक्शन टॅक्सचं ३० दिवसांत. फ्लॅटच्या नोंदीवर मॅनेजमेंट कंपनीचं निर्बंधपत्र असेल तर तिचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत अर्ज पुढे जात नाही. ते मिळायला हस्तांतरणाची नोटीस, लीझच्या अटी पाळण्याच्या बांधिलकीचा करार आणि प्रत्येकाची वेगळी फी लागते. ही फी एलपीई१ या लीझच्या माहितीच्या फॉर्ममध्ये लिहिलेली असते. एक्स्चेंजआधीच ती मागून कम्प्लिशनच्या हिशोबात धरून ठेवायला सांगा.