मराठी वाहिनीचा पॅक आणि तिचं ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये आईसाठी डीटीएचवर एका मराठी वाहिनीचा एचडी पॅक घेतला, सोबत त्याच वाहिनीच्या ॲपची वर्षाची वर्गणीही भरली. निमित्त एका नव्या मालिकेचं होतं. वाईतल्या दोन बहिणी वडिलांचा बंद पडलेला छापखाना पुन्हा सुरू करतात, अशी गोष्ट. माझे आजोबा साताऱ्यात छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे. पहिल्याच भागात थोरली बहीण केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, खिळे उचलून हातातल्या स्टिकच्या पट्टीवर ओळ लावताना दाखवली आणि आई खुर्ची पुढे ओढून बसली. "अगं, असंच करायचे नाना," एवढंच म्हणाली. पैसे वसूल झाले असं मला त्याच दिवशी वाटलं.

पॅकबद्दल तक्रार नाही. चित्र स्वच्छ, आवाज नीट, पावसाळ्यातही सिग्नल फारसा गेला नाही. ॲपही चालतं, पण अक्षरं बारीक आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या शहात्तर वर्षांच्या बाईला ते एकटीने वापरता येत नाही. म्हणून आमच्याकडे खरा वापर टीव्हीचाच.

पुढचं सगळं दुखणं त्या मालिकेचं आहे. सुरुवातीला वेळ रात्री साडेआठची होती. जेवण, गोळ्या, मग मालिका, असा आईचा दिवस त्यावर बसला. ऑगस्टमध्ये, दोन महिनेही पुरते झाले नसताना, ती साडेसहाला नेली. बदल कळला तो पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीवरून, तोही आदल्या दिवशी. सेट-टॉप बॉक्सवरचं रिमाइंडर वेळेला लागलेलं असतं, मालिकेला नाही. त्यामुळे साडेआठला टीव्ही आठवण करून द्यायचा आणि समोर भलतीच मालिका लागायची. ऑक्टोबरात साडेदहा, डिसेंबरात अकरा. अकराला आई झोपलेली असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोनवर लावून तिच्या हातात द्यायचे.

हे का होतं ते आता बऱ्याच जणांना माहीत आहे. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि ते पडले की मालिकेची वेळ हलवतात. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींवर, आणि मोजणीचं यंत्र बसवलेली घरं पन्नास हजारांच्या थोडी वर. त्या घरांत कोण काय बघतंय ते प्रत्येकाने आपापलं बटण दाबून नोंदवायचं. नमुना मोजणी अशीच असते, त्यावर माझा आक्षेप नाही. पण आईने दुसऱ्या दिवशी फोनवर पाहिलेला भाग टीव्हीच्या त्या आकड्यात येतच नाही. साडेसहाला गावात धारा काढायची वेळ असते, शहरातली माणसं बसमध्ये असतात. साडेआठला जे जमलं नाही ते साडेसहाला कुठून जमणार? आकडा आणखी पडला, की तो गोष्टीच्या नावावर मांडला जातो.

वेळेपेक्षा जास्त राग मला गोष्टीच्या हालांचा आला. सप्टेंबरमध्ये छापखाना दिसेनासा झाला. मग अपहरण, देवळातली शपथ, दुसऱ्या मालिकेबरोबर आठवडाभर महासंगम, आणि नोव्हेंबरात सहा वर्षांचा लीप, म्हणजे गोष्ट एकदम सहा वर्षं पुढे. मालिका ज्यामुळे वेगळी होती तेच काढून टाकलं आणि बाकी सगळ्या मालिकांत असतं ते भरलं. जे आवडीने बघत होते ते त्यामुळेच गेले. आमच्या गल्लीतल्याच तीन घरांत हे झालं.

पडत्या मालिकेत बदल करूच नयेत असं मी म्हणत नाही. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा पहिले भाग कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने जड झाले होते आणि लोक कंटाळले होते. मग उपदेश कमी करून घरातल्या माणसांच्या सुखदुःखावर भर दिला आणि मालिका दीडशेच्या वर भाग चालली. तेव्हा स्पर्धा नव्हती, हे मान्य. पण तिथे गोष्टीतलं माणूसपण वाढवलं होतं, आणि तिला धीर मिळाला होता.

आमची मालिका फेब्रुवारीत गुंडाळली. शेवटच्या भागात, जाहिराती वगळून जेमतेम बावीस मिनिटांत, खलनायकाने गुन्हा कबूल केला, थोरलीचं लग्न झालं आणि सगळे फोटोसाठी उभे राहिले. धाकटी बहीण दिवाळीच्या सुमारास छपाईच्या ट्रेडल मशीनचा तुटलेला भाग दुरुस्त करून आणायला पुण्याला गेली होती. ती परत आलीच नाही. तिच्याबद्दल एक वाक्यही नाही. आमच्याकडे चित्रीकरणं होत असतात, गल्लीतला एक मुलगा अशाच सेटवर जनरेटरच्या गाडीवर होता. काम थांबणार असल्याचं त्यालाही चारच दिवस आधी कळलं होतं.

मी वाहिनीला दोनदा लिहिलं. एवढंच मागितलं होतं की बंद करायची तर करा, पण महिनाभर आधी सांगा आणि लेखकाला शेवट लिहायला दहा भाग द्या. दोन्ही वेळा एकच छापील उत्तर आलं. 2019 पासून आपण वाहिन्या निवडून, प्रत्येकीची किंमत बघून पैसे भरतो. एवढं सांगितलं जाण्याचा आपला हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी दोन तारे, तेही चित्र-आवाजासाठी. घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, आणि घरातल्या वयस्कर माणसाला नव्या मालिकेची सवय लावण्याआधी तीन महिने थांबा. आता साडेआठला नवी मालिका लागते. आई बघत नाही. मागच्या आठवड्यात गोळ्या घेताना तिने विचारलं, "धाकटी आली का गं पुण्याहून?"